दोन इंजिनांची होडी, एक इंजिन मागे: बिघाड शोधायचा कसा?

बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये आमच्या एका सभासदाची फायबर होडी नदीच्या मुखावर थोडक्यात वाचली. मागे दोन ओबीएम, दोन्ही चालू, आणि तरी होडी लाटेवर चढेना. डावं इंजिन ४००० आरपीएमच्या वर जायला तयार नाही. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतंय, समोर रेतीच्या पट्ट्यावर लाटा फुटतायत. तांडेलाने हट्ट न करता लाटेचा अंदाज घेऊन होडी परत आत घेतली, म्हणून चार माणसं घरी आली.

पुढचे पंधरा दिवस काय झालं ते ऐका. इंजेक्टर साफ केले, प्लग नवे घातले, कॉइल बदलली. खिसा रिकामा झाला आणि इंजिन तिथल्या तिथे. शेवटी एका म्हाताऱ्या खलाशाने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली. टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं! होडी बंदीत छपराखाली, माशीला दोन महिने निवांत मिळाले. हवा आत शिरत नाही म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. हळू चालवताना कळत नाही, दहा मिनिटं जोरात पळवलं की इंजिन उपाशी.

म्हणून हे लिहितोय. दोन इंजिनांच्या होडीत एक मोठी सोय आहे, ती आपण वापरत नाही. बिघडलेल्या इंजिनाच्या शेजारी तसंच दुसरं चांगलं इंजिन उभं असतं. म्हणजे तुलना करायला माप घरातच.

पण आधी एक फसगत समजून घ्या. एक इंजिन दमलं की होडी पाण्यावरून खाली बसते, सगळं ओझं दुसऱ्यावर येतं आणि चांगल्या इंजिनाचे आरपीएमसुद्धा उतरतात. मग वाटतं दोन्ही बिघडली. त्यात तांडेल सवयीने एक थ्रॉटल पुढे-मागे करून होडी सरळ ठेवतो, त्यामुळे खरा आजार झाकला जातो. दोन्ही थ्रॉटल सारखे ठेवा आणि होडी कुठे ओढते बघा. डावीकडे वळत असेल तर डावं कमी ढकलतंय.

मग नदीत, शांत पाण्यात (मुखावर नव्हे!) एकेक इंजिन वेगळं चालवून बघा. दुसरं वर उचलून ठेवा, त्याचा पंखा पाण्यात घासत राहिला तर हिशोब चुकतो. एका इंजिनावर पूर्ण आरपीएम मिळणार नाहीत, त्याची काळजी नको. त्याच दिशेने, त्याच भरती-ओहोटीत, तितक्याच माणसांनिशी दोघांचे आकडे घ्या आणि वहीत लिहा.

दोन्ही सारखीच कमी भरली तर इंजिनं उघडू नका. कारण दोघांचं मिळून आहे: तळाला चिकटलेली शिंपलं आणि शेवाळ, होडीच्या पोटात साचलेलं पाणी, जास्तीचा बर्फ आणि जाळी, नाहीतर एकाच कॅनमधून दोघांना दिलेलं खराब पेट्रोल.

एकच कमी भरलं तर अदलाबदल सुरू करा. इंजिनं बंद, थंड, विडी-सिगारेट लांब. सगळ्यात आधी पेट्रोलच्या नळ्या: डाव्या टाकीची उजव्याला, उजवीची डाव्याला. बिघाड टाकीबरोबर दुसरीकडे गेला, तर इंजिन निर्दोष. मग हवेची नळी, टाकीतली शोषनळी आणि फिल्टर तपासा. बिघाड जागेवरच राहिला तर पुढे प्लग बदलून बघा. एका वेळी एकच वस्तू. तीन वस्तू एकदम बदलल्या तर काय बरं झालं ते देवालाच ठाऊक.

रबरी पंपाचा फुगा खूप काही सांगतो. इंजिन चालू असताना तो चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा त्याची झडप गेलीय. दाबत राहिलं की इंजिन सुधारतं? मग हवागळती शोधा, नाहीतर इंजिनाचा पेट्रोल पंप बघा.

पेट्रोलचं तर वेगळंच दुखणं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक ओबीएमच्या पुस्तकात मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाला बसतात, आणि शोषनळी तिथूनच उचलते. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ती टाकी रिकामी करायची, दुसरा उपाय नाही. उरलेलं पेट्रोल बंदीभर टाकीत ठेवायची सवय आता सोडायला हवी.

आता पंखा. आरपीएम वर जातात पण होडी पुढे सरकत नाही, असं असेल तर पंख्याच्या आतलं रबर घसरतंय. पंख्यावर आणि बोळावर एक सरळ रेघ मारा आणि फेरी मारून या. रेघ तुटली तर ओळख पटली. पंख्यांची अदलाबदल करायची तर आधी बघा, काही जोड्यांत एक उजवा आणि एक डावा फिरणारा असतो, ते बदलता येत नाहीत. पंखा काढलाच आहे तर दांड्यावर गुंडाळलेली तंगूस काढून टाका. ती सील कापते, मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं.

इंजिन एकदम २००० च्या आसपास अडकून भोंगा वाजवत असेल तर ते स्वतःला वाचवतंय, त्याला रेटू नका. बाजूने पडणारी पाण्याची धार बघा. धार बारीक असेल तर पाणी घेण्याच्या जाळीवर प्लास्टिक पिशवी असते, नाहीतर पंपाचा रबरी इम्पेलर गेलेला असतो. किनाऱ्यावर रेतीत होडी लावणाऱ्यांचे इम्पेलर लवकर झिजतात.

थ्रॉटलची केबलही विसरू नका. एकाने हँडल पूर्ण पुढे करावं, दुसऱ्याने इंजिनाचं झाकण काढून बघावं (इंजिन बंदच!) की आतला पाला पूर्ण उघडतो का. केबल ढिली पडली असेल तर इंजिन आजारी नाहीच, त्याला हुकूमच अर्धा पोचतोय.

एवढं करून डावं-उजवं, टाकी, पंखा यातलं काही ठरलं नाही, तर मेकॅनिककडे जा, पण वही घेऊन. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा आणि आकडे वहीत लिहून घ्या. आणि बिघाड सापडेपर्यंत मुख ओलांडू नका, शेजारच्या होडीला कितीही बांगडा मिळत असला तरी.