घाट उतरताना गाडी न्यूट्रलला का टाकायची नाही

आजचा एपिसोड जरा घाईत रेकॉर्ड केलाय. लाँग वीकेंड आलाय, तुमच्यापैकी बरेच जण कोकणात उतरणार, आणि हे त्याआधी तुमच्या कानावर घालायचं होतं. विषय आहे घाट. चढताना नाही, उतरताना.

आधी माझाच किस्सा. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला निघालो होतो. गाडीत आई, बाबा, ताई, तिचा तीन वर्षांचा मुलगा आणि डिकीत खच्चून सामान. गाडी मी चालवत होतो. उतार लागला तसे बाबा म्हणाले, "अरे, न्यूट्रलला टाक की. उगाच कशाला पेट्रोल जाळतोस?" टाकली. गाडी मस्त आपोआप पळत होती आणि माझा पाय ब्रेकवर. बराच उतार झाल्यावर आई म्हणाली, कसला तरी जळका वास येतोय. मला वाटलं बाहेर कोणी कचरा पेटवला असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पॅडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. मऊ लागलं, स्पंज दाबल्यासारखं. गाडी हळू झाली, पण हवी तेवढी नाही. निम्मी पलीकडच्या बाजूला जाऊन ते वळण निघालं. समोरून एसटी आली नाही, एवढंच आमचं नशीब.

मग तिसरा, दुसरा असे गिअर टाकत एका रुंद जागी गाडी उभी केली. पुढच्या चाकांमधून धग येत होती. भाचा मात्र खूश, त्याला माकडं दिसली होती.

आता हे का झालं ते बघू. थोडं फिजिक्स आहे, पण बारावीच्याही खालचं. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १२०० किलो समजा. घाटात आपण ५०० मीटर उंची उतरलो असं धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना साधारण ५९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. किती मोठा आकडा आहे हा? एवढ्या उष्णतेत १८ लिटर गार पाणी, म्हणजे एक मोठी बादली, उकळीपर्यंत येईल. त्यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायर खातात. न्यूट्रलमध्ये असाल तर उरलेला सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर. थोडा थोडा ब्रेक दाबून धरलात तर त्यांना थंड व्हायला वेळच मिळत नाही.

ब्रेक तापल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात. एक, पॅडची पकड कमी होते. पॅडल कडकच लागतं, पण कितीही जोर लावा, गाडी थांबायला जास्त अंतर घेते. जळका वास येतो तो याच वेळी. दुसरी गोष्ट जास्त वाईट. पॅडची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते आणि ते उकळतं. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण उकळून वाफेचे बुडबुडे झाले की तुमचा पाय फक्त ते बुडबुडे दाबत बसतो. पॅडल खाली जातं ते यामुळे.

आणि इथे माझी चूक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी. डब्यावर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं असतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही, डॉट ४ किमान २३०. पण ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. मी चार वर्षं बदललं नव्हतं. सर्व्हिसला विचारलं होतं त्यांनी. "लेव्हल तर बरोबर आहे ना, मग राहू दे," असं मीच म्हणालो होतो. लेव्हल बघून आत पाणी किती मुरलंय ते कळत नाही.

बरं, बाबांचं पेट्रोलचं गणित. ते अगदीच चूक नव्हतं, फक्त जुनं होतं. त्यांनी आयुष्यभर कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० चालवली. त्या गाडीत गिअरमध्ये उतार उतरताना पाय काढला तरी इंजिन पेट्रोल ओढत राहायचं. आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत हा निर्णय ईसीयू घेतो. कोडच्या भाषेत साधी इफ कंडिशन आहे: ॲक्सिलरेटर शून्य आणि आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर, तर इंजेक्टर बंद. म्हणजे गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, पेट्रोल जवळजवळ शून्य. न्यूट्रलला मात्र इंजिनाला स्वतःला चालू ठेवावं लागतं, आणि छोटं इंजिन आयडलिंगला तासाला अर्धा ते एक लिटर पितं. घाटात न्यूट्रल टाकून आपण पेट्रोल जास्त जाळतो! तुमच्या डिस्प्लेवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल तर बघा, उतारावर गिअरमध्ये पाय काढला की आकडा एकदम वर जाऊन चिकटतो.

मग उतरायचं कसं? जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर. मला यापेक्षा चांगला नियम सापडलेला नाही. बहुतेक घाटांत दुसरा किंवा तिसरा. उतार सुरू व्हायच्या आधीच टाका, वेग वाढल्यावर नाही. इंजिन थोडं ओरडेल, ओरडू द्या. तीन-साडेतीन हजार आरपीएमने पेट्रोल इंजिनाला काहीही होत नाही. क्लचवर पाय ठेवायचा नाही, कारण क्लच दाबला म्हणजे न्यूट्रलच झालं. तरीही वेग वाढला तर ब्रेक नीट दाबा, वेग दहा-पंधराने खाली आणा आणि पाय पूर्ण काढा. सतत हलका पाय ठेवण्यापेक्षा हे बरं, मधल्या वेळात ब्रेकला हवा लागते.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, 'डी'मध्ये ठेवून निवांत बसू नका. एएमटीत लिव्हर मॅन्युअलला घेऊन खालचा गिअर धरा. सीव्हीटीत 'एल' किंवा 'एस' असतं, ते शोभेसाठी नाही. ईव्हीत रीजन वाढवा. पण एक गंमत आहे: बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर रीजनची वीज ठेवायला जागाच नसते आणि ते जवळजवळ बंद पडतं. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर फुल चार्ज करून सकाळी पसरणी उतरणार असाल तर ८०-८५ वर थांबा.

वास आला किंवा पॅडल मऊ लागलं तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा. चाकांवर पाणी मारू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक लगेच ओढू नका. अर्धा-पाऊण तास चहा प्या. पॅडल पुन्हा कडक झालं तरी हळूच खाली उतरा आणि ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय दुसऱ्या घाटाला लागू नका.

आणि ब्रेक गेलेच तर? पॅडल भराभर पंप करा, थोडा दाब परत मिळू शकतो. एकेक गिअर खाली आणा, थेट पहिल्यावर उडी नको. हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, झटका दिला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. इलेक्ट्रॉनिक असेल तर बहुतेक गाड्यांत स्विच ओढून धरायचा असतो, मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा. हॉर्न, हॅझर्ड चालू. काहीच जमलं नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला घासा, दरीच्या बाजूला नाही. आणि इंजिन बंद करायचं नाही! ब्रेकला मिळणारी मदत आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात, चावी काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

बाबा आता घाट लागला की डिस्प्लेवरचा मायलेजचा आकडा मोठ्याने वाचतात. तुम्ही जुन्या सर्व्हिसची बिलं काढा आणि ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते बघा. नोंद सापडली नाही तर निघायच्या आधी बदलून घ्या, काम तासाभराचं आहे. पुढच्या एपिसोडमध्ये टायर, तोवर भेटू!