फुजैरातली चार वर्षे : अभ्यास, खर्च आणि भटकंती

मंडळाच्या कार्यकारिणीकडून निरोप आला की, यंदाची पुस्तिका विद्यार्थी साहाय्य निधीसाठी आहे आणि परदेशात शिकलेल्या कुणीतरी तिथल्या रोजच्या आयुष्याविषयी लिहावे. परदेशातले शिक्षण म्हटले की आपल्याला अमेरिका, इंग्लंड, जर्मनी आठवतात. मी शिकलो फुजैरात. हे नाव सांगितले की अजूनही लोक विचारतात, "हे कुठे आलं?" तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

संयुक्त अरब अमिराती म्हणजे सात अमिरातींचा संघ. २ डिसेंबर १९७१ रोजी तो स्थापन झाला. दुबई, अबुधाबी ही शहरे पर्शियन आखातावर आहेत. फुजैरा मात्र पलीकडच्या, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर, ओमानच्या आखातावर आहे. हे आखात म्हणजे आपल्या अरबी समुद्राचाच एक हात. मधे हजर पर्वताची रांग उभी आहे. माझा जन्म चिपळूणचा, त्यामुळे समुद्र आणि डोंगर दोन्ही ओळखीचे. फरक एवढाच, की कोकणात सूर्य समुद्रात मावळतो आणि फुजैरात समुद्रातून उगवतो. पहिल्या दिवशी पहाटे काका किनाऱ्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "बघ, त्या बाजूला आपलं घर." त्यानंतर घरची आठवण आली की मी तिकडेच तोंड करून बसायचो.

तिथे शिकायला का गेलो?

२००७ साली बारावीला गुण बेताचे पडले. हवी ती शाखा मिळेना. काका फुजैरा बंदराशी संबंधित एका कंपनीत नोकरीला होते. ते म्हणाले, इकडे एका विद्यापीठाची शाखा आहे, संगणक अभियांत्रिकी आहे, राहणे-जेवणे आमच्याकडे, फक्त फीचे बघा. वडील शाळेत लिपिक. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, थोडे कर्ज घेतले आणि सप्टेंबरात मी विमानात बसलो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तेव्हा अमिरातीत जवळजवळ प्रत्येक परदेशी माणूस कुणाच्या तरी प्रायोजकत्वावर राहत असे. नोकरदाराला कंपनी, बायको-मुलांना नोकरदार. पुतण्याला काका प्रायोजक होऊ शकत नाही. म्हणून माझा विद्यार्थी व्हिसा विद्यापीठाने काढला. तो दर वर्षी नवा करायचा आणि त्यासाठी फी भरलेली हवी. फी थकली की नोंदणी अडते, नोंदणी अडली की व्हिसा अडतो. परवान्याशिवाय कमाईचे काम करणे गुन्हा, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलांसारखे ग्रंथालयात किंवा उपाहारगृहात काम करून चार पैसे मिळवणे मला शक्य नव्हते. ही साखळी डोक्यात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

रोजचा दिवस

तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवार असे. (२०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते.) रविवारी सकाळी आठवडा सुरू व्हायचा याची सवय व्हायला महिना गेला. घड्याळ भारताच्या दीड तास मागे, म्हणून आईशी बोलायचे तर रात्री नऊच्या आत, नाहीतर तिकडे निजानीज. इंटरनेटवरून फोन करण्यावर तिथे बंदी, त्यामुळे कॉलिंग कार्ड खरवडून नंबर दाबायचा आणि मिनिटे मोजत बोलायचे.

दुपारी एक ते चार दुकाने बंद. चितळ्यांची आठवण यावी असे! संध्याकाळी मात्र रस्ते जागे. कोपऱ्यावरच्या केरळी कॅफेटेरियात कडक दूध-वेलचीचा चहा, त्याला तिथे करक म्हणतात. सोबत पराठा. बाहेर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की पोरगा चहा घेऊन धावत येतो. दुकानात, टॅक्सीत, बँकेत हिंदीवर काम भागते. अरबी शिकायचा प्रयत्न केला तेव्हा गंमत कळली, निम्मे शब्द घरचेच निघाले. हिशेब, तारीख, दुकान, किल्ला, वकील, खर्च हे सगळे आपल्याकडे अरबीतूनच, फारसीच्या वाटेने आलेले. "खल्लास" तर जसाच्या तसा.

उन्हाळ्याविषयी सांगितले नाही तर लेख अपुरा राहील. जून ते सप्टेंबर दमट उकाडा असतो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की नळाला हात लावता येत नाही. यावर तिथल्या लोकांचा तोडगा असा, की गीझर बंद ठेवायचा. गीझर असतो घरात, सावलीत, त्यातले पाणी निवलेले असते. म्हणजे उन्हाळ्यात "गरम"चा नळ सोडला की गार पाणी आणि "गार"चा सोडला की गरम. बाहेर उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन विश्रांती देणे कायद्याने बंधनकारक आहे. आपण वर्गात वातानुकूलित हवेत बसलोय आणि खिडकीबाहेर आपल्याच देशाची माणसे सावली शोधतायत, हे दृश्य अभ्यासाला बळ देणारे होते.

रमझानात दिवसा उघड्यावर खाणे-पिणे नाही. कँटीन बंद. आम्ही डबा वर्गामागच्या एका खोलीत दार लावून खायचो. संध्याकाळी मात्र वर्गमित्र आग्रहाने इफ्तारला नेत. खजूर, ताक, आणि हरीस नावाचा गहू आणि मांस शिजवून घोटलेला पदार्थ. काकू शाकाहारी, त्यांना मी सांगितले की लापशीच आहे म्हणून, तर त्यांनी कृतीच विचारली. मग पंचाईत झाली!

काय काय पाहिले

फुजैरा लहान, खिशात पैसे कमी, त्यामुळे भटकंती स्वस्तातली. पण पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

गावातला किल्ला साधारण पाचशे वर्षांपूर्वीचा मानतात. दगड-मातीचा, एका उंचवट्यावर. १९२५ साली 'लॉरेन्स' या ब्रिटिश जहाजाने तोफा डागून त्याचे बुरूज पाडले होते. आता तो नीट दुरुस्त केला आहे. शिवनेरी-रायगड पाहिलेल्या माणसाला तो आकाराने छोटा वाटेल, पण वर उभे राहिले की खजुराच्या बागा आणि मागे काळे डोंगर दिसतात.

उत्तरेला किनाऱ्याने गेले की बिदिया गावची मशीद. १४४६ सालची, देशातली सर्वांत जुनी मानली जाते. चार घुमट, एकही एकसारखा नाही, आणि आतमध्ये सगळा भार एकाच खांबावर. लाकडाची तुळई नाही. नमाजाची वेळ सोडून, अंगभर कपडे घालून, चपला बाहेर काढून पाहता येते. वाटेत खोरफक्कान लागते, ते शारजाचे. १५०७ मध्ये पोर्तुगीज आल्बुकर्कने हे गाव जाळले आणि तिथून तीन वर्षांनी, १५१० मध्ये, त्याने गोवा घेतला. शाळेत तुटक तुटक पाठ केलेला इतिहास तिथे उभे राहिल्यावर एका रेषेत आला.

त्याच्याही पुढे अल अक्काचा किनारा. समोर खडकाचे एक बेट, पाठीवर झोपलेल्या कुत्र्यासारखे दिसते म्हणून त्याचे नाव स्नूपी. तिथे चश्मा लावून पाण्यात तोंड घातले की रंगीत मासे, नशिबात असेल तर कासव. पण जून २००७ च्या गोनू वादळाने तिथल्या प्रवाळांचे नुकसान केलेच होते, आणि २००८ च्या अखेरीस समुद्रात सूक्ष्म शैवाल माजून पाणी लालसर-तपकिरी झाले. ते पुढच्या वर्षापर्यंत टिकले. मासे मेले, काही ठिकाणी समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प थांबवावे लागले. बाजारात सुरमई मिळेना म्हणून आम्ही हळहळलो, पण कोळ्यांचे काय झाले असेल हे मला, कोकणातल्या पोराला, वेगळे सांगायला नको होते.

शुक्रवारी दुपारी गावाबाहेर मोकळ्या मैदानात बैलांची टक्कर लागते. गोव्यातली धिरयो ज्यांनी पाहिली आहे त्यांना लगेच ओळखेल. (गोव्यात न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली आहे.) ही प्रथा पोर्तुगीजांनी आणली असे तिथे सांगतात. जो बैल मागे सरला तो हरला, मालक दोर ओढून सोडवतात.

काका एकदा म्हणाले, "चल, वाडीत जाऊ." मला वाटले चार घरे, आंब्याची झाडे असतील. पोचलो तर नुसते दगडगोटे! अरबीत वाडी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. हजर पर्वताचे बरेच खडक मुळात समुद्रतळाचे, भूकवचाच्या हालचालींनी वर आलेले. झाड-माती कमी, त्यामुळे पाऊस पडला की पाणी जिरत नाही, लोंढा थेट खाली येतो. जुलै २०२२ मध्ये फुजैरात असाच पूर आला आणि सात माणसे गेली. म्हणून ढग दिसले की वाडीत पाय घालायचा नाही, हा नियम पर्यटकाने पाळावा.

दुबईला जायचे तर बिथना, मसाफी, धैद असा डोंगरातला रस्ता होता. मसाफीला 'शुक्रवारचा बाजार' लागतो, तो आठवडाभर उघडा असतो. गालिचे, मडकी, रोपे, फळे. डिसेंबर २०११ मध्ये शेख खलिफा महामार्ग झाला आणि प्रवास बराच कमी झाला, नेमका मी परतल्यावर. आता दुबईच्या युनियन स्थानकावरून ई ७०० क्रमांकाची बस थेट फुजैराला जाते. शेख झायेद मशीदही नंतरची, २०१५ ची. ती मी मागच्या फेरीत पाहिली.

आणि सगळ्यांत आवडते, फुकटचे ठिकाण म्हणजे रात्रीचा किनारा. फुजैरा हे जहाजांना इंधन पुरवणाऱ्या जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक आहे. समोर डझनावारी तेलवाहू जहाजे नांगर टाकून उभी असतात. त्यांचे दिवे लागले की समुद्रात एखादे गाव वसल्यासारखे वाटते.

मग गाडी कुठे अडली?

२००८ च्या मंदीचा फटका आखाताला २००९ मध्ये जोरात बसला. फेब्रुवारीत काकांच्या कंपनीने माणसे कमी केली, त्यात काका गेले. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि तेव्हाच्या नियमाने देश सोडायला तीस दिवस. काका-काकूंनी घर आवरले. मी एका खोलीत सहाजणांत बेडस्पेस घेतली, म्हणजे भाड्याने फक्त एक खाट. तोवर राहण्या-जेवणाचा खर्च शून्य होता, तो आता दरमहा द्यायचा.

दुसरा घाव रुपयाचा. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम. २००७ च्या अखेरीस डॉलर चाळीस रुपयांच्या खाली होता, म्हणजे दिरहॅम पावणेअकराच्या आसपास. मार्च २००९ मध्ये डॉलर पन्नासच्या वर गेला आणि दिरहॅम जवळजवळ चौदा झाला. सहामाहीची पंधरा हजार दिरहॅम फी एका दिरहॅमनेही वाढली नव्हती. पण वडिलांना जिथे एक लाख साठ हजार लागत होते तिथे दोन लाखांच्या पुढे लागू लागले. आज दिरहॅम तेवीस रुपयांच्या पुढे आहे, यावरून आत्ताच्या पालकांची कल्पना करा.

वर सांगितलेली साखळी आठवा : फी नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर व्हिसा नाही. दोन वर्षे झालेली, दोन राहिलेली. मी परत यायचे ठरवले होते. खोलीतल्या माणसांनी, त्यात एक गवंडी, एक वाहनचालक, माझे दोन महिन्यांचे भाडे आपसात भरले. यापेक्षा जास्त त्यांना करता येण्यासारखे नव्हते. आपल्याकडे गणपतीची पावती-पुस्तके घेऊन दारोदार फिरतात तसे तिथे चालत नाही. परवानाधारक संस्थेशिवाय कुणालाही वर्गणी गोळा करता येत नाही, २०२१ च्या कायद्याने तर दंड आणखी कडक झाला.

मदत आली ती इकडून. वडिलांच्या एका सहकाऱ्याने आपल्या मंडळाच्या निधीविषयी सांगितले. मंडळाने गुणपत्रिका आणि फीची पावती पाहून एका सहामाहीची तूट वडिलांच्या हाती दिली, त्यांनी ती बँकेतून पाठवली. एकाच सहामाहीची. पण तेवढ्या अवधीत काकांना इकडे काम लागले, वडिलांचे कर्ज मंजूर झाले आणि २०११ मध्ये मी पदवी घेऊन परत आलो. आज पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

१. विद्यापीठ तिथल्या सरकारच्या शैक्षणिक मान्यता आयोगाने मान्य केलेले आहे ना, हे आधी पाहा. परतल्यावर पदवीची समकक्षता घ्यावी लागते, तेव्हा हेच विचारतात.
२. फीचा हिशेब आजच्या दराने करू नका. दिरहॅम दोन-तीन रुपयांनी चढला तर काय, हे कागदावर मांडा.
३. नातेवाइकाच्या घराच्या भरवशावर जात असाल तर सहा महिन्यांचे भाडे वेगळे ठेवा. त्यांची नोकरी गेली तर घरही जाते.
४. अडचण आली की लगेच सांगा. मी दोन महिने लाजेने गप्प बसलो, तेवढाच दंड वाढला.

देणगीदारांना एवढेच सांगायचे आहे, की परदेशी शिकणारे प्रत्येक मूल श्रीमंताघरचे नसते. पुष्कळांचे शिक्षण एका सहामाहीवर अडते. निधीला दिलेली रक्कम बहुधा तेवढीच पोकळी भरते, आणि ती भरली की पुढचे तो मुलगा किंवा ती मुलगी आपले आपण बघते. मला मिळालेली रक्कम मी २०१४ साली मंडळाला परत केली. व्याज म्हणून हा लेख समजावा, आणि सोबत यंदाची देणगी आहेच.