तर्री कोणत्या तेलाची?

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला किंवा मखमलाबादच्या बाजूला मळ्यातल्या मिसळीला गेलं की गाडी लावायला जागा मिळत नाही. अख्खी घरं आलेली असतात, आजी-आजोबांसकट. काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर लाल तर्रीचा तवंग, बाजूला पापड, दही, कांदा-लिंबू, आणि रस्सा मागाल तितका. अशा टेबलावर एक संवाद हमखास कानावर येतो. "बाबा, तर्री नका घेऊ, कोलेस्टेरॉल आहे ना तुम्हाला." बाबा मुकाट्याने तर्रीची वाटी बाजूला सारतात आणि चौथा पाव मागवतात.

आहारातला मेद आणि हृदय यांच्याबद्दल गेल्या सत्तर वर्षांत जो काही वाद झाला, तो बराचसा या चौथ्या पावाभोवती फिरतो. एखादा पदार्थ सोडला हे कळून पुरत नाही. त्याच्या जागी ताटात काय आलं, हेही पाहावं लागतं.

आधी तर्री. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. म्हणून तेल कमी केलं तर मिसळीचा रंगही जातो आणि चवही, हे मिसळवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. पण तेल कोणतं, हे ताट पाहून कळत नाही. शेंगदाण्याचं असेल, सोयाबीनचं असेल, हिशेब बसवायला पामोलीनही असेल. तिन्हींची तर्री तितकीच लाल दिसते. रक्तात गेल्यावर मात्र तिन्ही सारखं वागत नाहीत.

कुठलंही तेल किंवा तूप म्हणजे तीन प्रकारच्या मेदाम्लांचं मिश्रण असतं: सॅच्युरेटेड म्हणजे संपृक्त, एकेरी असंपृक्त आणि बहुअसंपृक्त. निव्वळ एकाच प्रकारचं असं काही नसतं, फरक प्रमाणाचा. खोबरेल तेलात संपृक्त मेद नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो, साजूक तुपात साठच्या वर, पामोलीनमध्ये चाळीसच्या वर. शेंगदाणा तेलात तो १७ ते २० टक्के आणि जवळजवळ निम्मं एकेरी असंपृक्त. सोयाबीनमध्ये पंधराच्या आसपास. सूर्यफूल त्याहून कमी, आणि आपल्या दख्खनच्या करडईत तर दहाच्याही आत. नाशिकपुरतं बोलायचं तर सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरताना जी पिवळी फुलं दिसतात, त्या खुरासणीच्या तेलातही बहुतांश मेद असंपृक्तच असतो. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्राने या पिकाचे वाण काढले आहेत. पण नाशिक शहरातल्या किती स्वयंपाकघरांत खुरासणीचं तेल सोडा, तिची चटणी तरी असते?

संपृक्त मेद नेमकं काय करतो? रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांपैकी एलडीएल हे धमन्यांच्या भिंतीत शिरून साठणारे कण. ते रक्तातून उचलायचं काम मुख्यतः यकृताचं. यकृताच्या पेशींवर हे कण पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. ते शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त मेद वाढला की या रिसेप्टरांचं काम मंदावतं. वॉर्डातल्या घंटागाड्या निम्म्या केल्या तर कचरा पूर्वीइतकाच निर्माण होऊनही गल्लीत साचतो, तसं एलडीएल रक्तात रेंगाळतं. बहुअसंपृक्त मेदाने उलट होतं, उचल वाढते.

हे एकदा ध्यानात आलं की दोन गैरसमज आपोआप गळतात. पहिला अंड्याचा. एका बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कोलेस्टेरॉल असतं खरं, पण आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं आणि खाल्लेलं वाढलं की बहुतेकांच्या शरीरात ही निर्मिती थोडी कमी होते. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेनेही २०१५ मध्ये रोज तीनशे मिलिग्रॅमची आपली जुनी मर्यादा काढून टाकली. दुसरा गैरसमज पिशवीवर छापलेला असतो: 'कोलेस्टेरॉलमुक्त तेल'. अहो, वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल नावाला असतं. पामोलीनही कोलेस्टेरॉलमुक्तच आहे. ही ओळ वाचून तेल निवडणं म्हणजे काहीच न वाचता निवडणं.

आता तूप. पुरणपोळीवरच्या तुपाबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण वाचकांचे फोन येतात. तुपाच्या बाजूने एक जुना भारतीय पुरावा नेहमी दिला जातो आणि तो खराच आहे. रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९६७ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. दूध-तूप भरपूर खाणाऱ्या पंजाबकडच्या कर्मचाऱ्यांपेक्षा, एकूण मेद कमी आणि तोही तेलाचा खाणाऱ्या दक्षिणेकडच्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे सातपट होते. तूपप्रेमींना आणखी काय हवं! पण दोन प्रांतांतल्या माणसांत फरक काही फक्त तुपाचा नसतो. भात-गव्हाचा असतो, कष्टांचा असतो, तंबाखूचा असतो. अशा पाहणीतून प्रश्न निघतो, उत्तर निघत नाही. उत्तरासाठी माणसांचे दोन गट करून एकाचा आहार बदलून पाहावा लागतो. अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये घेतला. संपृक्त मेद निदान दोन वर्षं कमी ठेवणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळले. एकूण मृत्यूंमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही. चमत्कार नव्हे, पण फायदा आहे.

मग 'लोणी खा, खुशाल खा' असे मथळे २०१४ च्या सुमारास जगभर का झळकले? कारण काही आढाव्यांत संपृक्त मेद आणि हृदयविकार यांचा संबंधच दिसेना. त्याचा उलगडा करणारं उत्तर हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दिलं. सव्वा लाखाहून जास्त परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या खाण्याच्या नोंदी त्यांच्याकडे चोवीस ते तीस वर्षांच्या होत्या. हीदेखील पाहणीच, प्रयोग नव्हे. पण त्यांनी प्रश्न नेमका विचारला: संपृक्त मेदातून येणारी ५ टक्के ऊर्जा काढली आणि तिच्या जागी दुसरं काही आणलं तर? बहुअसंपृक्त मेद आला तर हृदयविकाराचा धोका २५ टक्के कमी, एकेरी असंपृक्त आला तर १५ टक्के, अख्खं धान्य आलं तर ९ टक्के. आणि मैदा-साखर आली तर? काहीच फरक नाही. तूप सोडून टोस्ट-बिस्किटं खाणाऱ्यांच्या पदरात नेमकं हेच पडतं.

मिसळीच्या टेबलावरचे बाबा इथे सापडतात. आणि ते एकटे नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडमधल्या प्रौढांचं रक्त तपासलं गेलं, त्याचे आकडे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले १३.९ टक्के. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातला मेद, वाढलेले २९.५ टक्के. आणि 'चांगलं' म्हणून ओळखलं जाणारं एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. आपला रोग युरोप-अमेरिकेच्या पुस्तकातल्यासारखा नाही. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, ही जोडी बऱ्याचदा जास्त पिष्ट, जास्त साखर, पोटावरची चरबी आणि बैठं काम यांची खूण असते. एचडीएल औषधाने वाढवून हृदय वाचवायचे प्रयत्नही फसले आहेत, म्हणजे त्या आकड्यापेक्षा तो ज्यामुळे घसरतो ते सुधारणं महत्त्वाचं. याच पाहणीच्या पुढच्या टप्प्यातून २०२५ मध्ये समोर आलं की भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि त्यात पॉलिश केलेला तांदूळ, दळलेली धान्यं, साखर यांचा भरणा मोठा. एकादशीला तेलकट नको म्हणून थालीपीठ टाळून वाटीभर साबुदाण्याची खीर खाणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

एका मेदाबद्दल मात्र कुठलाच वाद उरलेला नाही, आणि त्याची भारतीय कथा मुंबईच्या शिवडीत सुरू होते. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायची कृती जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ मध्ये पेटंट केली. १९३० च्या दशकात शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनू लागलं आणि पिवळ्या डब्यातला डालडा लग्नाच्या पंगतीपासून बेकरीपर्यंत सगळीकडे पोचला. साजूक तुपात त्याची भेसळ होऊ लागली, म्हणून सरकारने वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तुपात वनस्पती मिसळलं असेल तर फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या चाचणीत तिळाच्या तेलामुळे नमुना गुलाबी-लाल होतो आणि चोरी पकडली जाते. युक्ती फार सुंदर. गंमत अशी, की सगळ्यांना काळजी होती तुपाच्या शुद्धतेची. अर्धवट हायड्रोजन घातलेल्या तेलात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

१९९० मध्ये मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवलं की ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतो आणि वर एचडीएल घटवतो. संपृक्त मेदाचा तोटा दुहेरी करून. डेन्मार्कने २००३ मध्येच २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २००९ मध्ये बाजारातली वनस्पती तुपं तपासली, तेव्हा ट्रान्स फॅट या मर्यादेच्या पाच ते बारा पट निघाला. मग पावलं पडली, पण रांगत: २०११ मध्ये १० टक्के, पुढे ५, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. हे यश मोठं आहे आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. तरी खारी, नानकटाई, क्रीम बिस्किटं यांना मोकळं रान मिळालं असं नव्हे. खुसखुशीतपणासाठी घट्ट मेद लागतोच. ट्रान्सच्या जागी बऱ्याचदा पामचा मेद आला, म्हणजे संपृक्त. पुड्याच्या मागे 'पाम', 'पामोलीन' किंवा 'इंटरएस्टरिफाइड' असं दिसलं तर आत हाच घट्ट मेद आहे असं समजा.

कढईतलं तेल हा वेगळा विषय, पण तो टाळता येत नाही. तेल वारंवार तापवलं की ते बिघडतं आणि त्यात पोलर संयुगं वाढत जातात. जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. ग्राहकाला हे मोजता येत नाही. काळपट, फेसाळ, वास येणारं तेल मात्र दिसतं. घरीही दिवाळीचा चिवडा आणि चकल्या तळून उरलेलं तेल महिनाभर पुन्हा पुन्हा कढईत ओतू नये. फोडणीला वापरून लवकर संपवावं.

लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं आता नाशिकमध्येही जागोजाग दिसतात. चव आणि वास उत्तम, ई जीवनसत्त्वही जास्त टिकतं. पण घाणा लाकडी असला म्हणून शेंगदाण्याची मेदाम्लं बदलत नाहीत, आणि एका मोठ्या चमच्यातल्या १२० कॅलरी कमी होत नाहीत. दुप्पट दाम मोजून दुप्पट ओतणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

मिसळ तरी वाईट का म्हणायची? मोड आलेली मटकी म्हणजे प्रथिनं आणि तंतू, आणि यातले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवून एलडीएल थोडं खाली आणतात. मटकी दुप्पट, पाव एक, फरसाण मूठभर, तर्री एकदाच. अशी मिसळ मी कुणालाही सुचवेन. तर्री पुन्हा पुन्हा घेऊन तीन मोठे चमचे तेल पोटात गेलं तर मात्र ४० ग्रॅमच्या वर मेद झाला. आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला सुचवलेलं तेल-तूप आहे २० ते ३० ग्रॅम, सगळं मिळून. तुपाचा हिशेबही करून ठेवू: जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेद एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला सुमारे २२ ग्रॅम. लहान चमचाभर तुपात तो ३ ग्रॅम असतो. वरणभातावरचा चमचा सहज बसतो. दूध, चहा, पनीर, चीज, बेकरी यांचे ग्रॅम त्यात मिळवून पाहा, म्हणजे अडचण कुठे आहे ते कळेल.

ज्यांना आधीच हृदयविकार आहे, मधुमेह आहे किंवा घरात लहान वयात कुणाला झटका आला आहे, त्यांनी तेल बदलून गोळ्या बंद करू नयेत. आहाराने एलडीएल उतरतं, पण अशांना जितकं उतरायला हवं तितकं क्वचितच. बाकीच्यांनी तिशीत एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्यावं आणि एकूण कोलेस्टेरॉलवर न थांबता एलडीएल आणि ट्रायग्लिसराइडचे आकडे वाचावेत.

आणि एक काम आजच. चौघांच्या घराला माणशी २५ ग्रॅमने महिन्याला तीन किलो, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास तेल लागायला हवं, तूप-लोणी धरून. पाच लिटरचा डबा त्या हिशेबाने दीड महिना पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती पुरतो? नवा डबा फोडाल त्या तारखेला कालनिर्णयवर खूण करा, आणि संपेल त्या तारखेलाही.