ग्रंथशोधाची साधने – लेखांक ५ : संग्रहात आहे, चर्चेत नाही

वाचकांनी परस्पर सहकार्याने उभारलेल्या ग्रंथसूचींपैकी ‘लायब्ररीथिंग’ आणि ‘गुडरीड्स’ या दोन विशेष प्रसिद्ध आहेत. टिम स्पॉल्डिंग यांनी २००५ साली अमेरिकेच्या मेन राज्यात सुरू केलेल्या पहिल्या सूचीत सभासद मुख्यतः आपल्या घरच्या संग्रहाची नोंद करतात, तर २००७ पासून चालू असलेल्या दुसरीत वाचलेल्या, वाचत असलेल्या आणि वाचावयाच्या पुस्तकांची. हा भेद किरकोळ नव्हे; पुस्तक बाळगणे आणि पुस्तकाविषयी बोलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि दुर्लक्षित पुस्तके या दोहोंमधील अंतरातच सापडतात.

लायब्ररीथिंगवर एखादा ग्रंथ किती सभासदांकडे आहे, त्यावर किती परीक्षणे आली आहेत, त्याला सरासरी किती तारे मिळाले आहेत, हे आकडे एकाच ठिकाणी दिसतात. सभासदसंख्या मोठी आणि परीक्षणे तुरळक असतील, तर तो ग्रंथ पुष्कळांच्या कपाटात असूनही चर्चेबाहेर राहिला आहे, असे अनुमान करता येते. मात्र शब्दकोश, पाठ्यपुस्तके आणि पाककृतींची पुस्तके बाळगली जातात, पण त्यांवर सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून ती आधी बाजूला काढावी लागतात. केवळ ताऱ्यांच्या सरासरीवर विसंबणे तर फारच धोक्याचे, कारण पाच-सहा स्नेह्यांनी गौरवलेले पुस्तक हजारो वाचकांनी पारखलेल्या पुस्तकाच्या वर जाऊन बसते.

लायब्ररीथिंगवरील ग्रंथमालिकांची पाने ही याहून सुपीक जागा होय. लंडनच्या विरागो प्रकाशनाने विस्मृतीत गेलेल्या लेखिकांची पुस्तके पुन्हा वाचकांपुढे आणण्यासाठी १९७८ साली अँटोनिया व्हाइट यांच्या ‘फ्रॉस्ट इन मे’ या कादंबरीने ‘मॉडर्न क्लासिक्स’ मालिका आरंभली. अशा मालिकेतील ग्रंथ सभासदसंख्येसह एकत्र पाहिले की एकाच संपादकीय कसोटीला उतरलेल्या पुस्तकांपैकी कोणती मागे पडली, हे चटकन ध्यानात येते.

या सर्व गणिताचा पाया म्हणजे ‘कृती’ ही संकल्पना, म्हणजे एका ग्रंथाच्या सर्व आवृत्त्या व भाषांतरे मिळून होणारे एकक. आवृत्त्या जोडल्या गेल्या नाहीत तर वाचकसंख्या विखुरते आणि लोकप्रिय ग्रंथही अप्रसिद्ध भासतो. मराठी पुस्तकांवर हा अन्याय सहज होऊ शकतो, कारण तेच शीर्षक एका नोंदीत देवनागरीत, दुसरीत रोमन लिपीत आणि तिसरीत वेगळ्या स्पेलिंगने येऊ शकते, शिवाय आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक १९७० साली प्रमाणित झालेला असल्याने त्यापूर्वीच्या आवृत्त्यांना तो आधारही नसतो. नोंदी जोडण्याचे काम लायब्ररीथिंगवर सभासद स्वतः करू शकतात, तर गुडरीड्सवर ते ‘लायब्रेरियन’ म्हणून मान्यता मिळालेले स्वयंसेवक करतात. मराठी ग्रंथांच्या बाबतीत हे जोडकाम होईपर्यंत तेथील कोणताही आकडा दुर्लक्षाचा पुरावा म्हणून स्वीकारू नये.