नगाचा भाव आणि जॉबचा भाव

बेळगावातल्या अनगोळची घरे संपतात न संपतात तोच उद्यमबाग सुरू होते. ओतकाम, हायड्रॉलिकचे सुटे भाग आणि मशीनिंग यांत बेळगावचे नाव झाले ते अशा औद्योगिक पट्ट्यांमुळे, आणि त्या नावामागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन-चार मशीन चालवणारे छोटे कारखानेही आहेत. मोठ्या कंपनीत खरेदी खाते असते, वर्षाचे करार असतात. दोन लेथ आणि एक सीएनसी चालवणाऱ्याला मात्र टिपा, ड्रिल, बेअरिंग, ऑइल सील हे सगळे स्वतःच बघावे लागते. आता त्याच्या मोबाइलवर चीनमधल्या विक्रेत्याचा भाव थेट दिसतो आणि बऱ्याचदा तो गावातल्या दुकानापेक्षा पुष्कळ कमी असतो. मग दुकानदाराला जास्त पैसे का मोजायचे, हा प्रश्न रास्तच आहे. माझे म्हणणे असे, की रोज झिजणाऱ्या मालासाठी ते मोजावेत. त्यात गावाच्या अभिमानाचा संबंध नाही, निव्वळ हिशेबाचा आहे. फक्त तो हिशेब नगामागे मांडला की चुकतो आणि जॉबमागे मांडला की जुळतो.

सर्वांत जास्त खपणारी वस्तू घेऊ. टर्निंगची टिप, म्हणजे कार्बाइडचा इन्सर्ट. डबीवर लिहिलेले असते सीएनएमजी 120408. यातला सी म्हणजे 80 अंशांचे टोक असलेला चौकटीसारखा आकार. एन म्हणजे कडा सरळ उभ्या, त्यामुळे टिप उलटवूनही वापरता येते आणि एका टिपेला चार धारा मिळतात. 04 हा जाडीचा आकडा, प्रत्यक्षात 4.76 मिलिमीटर, शेवटचा 08 म्हणजे टोकाची गोलाई 0.8 मिलिमीटर. हे सगळे आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे ठरलेले आहे, म्हणून मोबाइलच्या पडद्यावर जगातली प्रत्येक सीएनएमजी 120408 सारखीच दिसते. खरा फरक या आकड्यांत येतच नाही. पोलादासाठीची टिप वेगळी, स्टेनलेससाठी वेगळी, बिडासाठी वेगळी. त्यांची ओळख पी, एम आणि के या अक्षरांनी आणि निळ्या, पिवळ्या, लाल रंगांनी पटते. त्यातही कोटिंग कोणते, चिप तोडणारी खाच कशी, हे कंपनीगणिक बदलते. बेळगावात बिडाच्या ओतीव मालाचे काम भरपूर. बिडाची चिप भुग्यासारखी सुटते, पोलादाची मात्र लांब वेटोळी होऊन जॉबला गुंडाळते आणि घासून फिनिश बिघडवते. खाच चुकली तर टिप अगदी नवी असूनही जॉब वाया जातो. दुकानात उभे राहून ‘कास्टिंग आहे, वरची साल कडक आहे, मधेमधे कट तुटतो’ असे सांगितले, की जाणता दुकानदार कोणती डबी काढायची ते ओळखतो. टिपा दहाच्या डबीत येतात, पण तो दोन सुट्या देतो. त्या चालल्या तर बाकीच्या आठ घेता येतात, नाही चालल्या तर नुकसान दोनच टिपांचे होते. परदेशातून मागवताना पहिला प्रयोगच दहा नगांचा होतो आणि फसला तर परत पाठवण्याचे टपाल मालापेक्षा महाग पडते.

आता पैशांकडे येऊ. मशीनिंगच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे, की जॉबच्या एकूण खर्चात कटिंग टूलचा वाटा साधारण तीन टक्के असतो. कमी-जास्त होईल, पण बाकीचा खर्च मशीनचा हप्ता, माणसाचा पगार, वीज, भाडे आणि कच्चा माल यांत जातो. म्हणजे जॉबला शंभर रुपये खर्च येत असेल तर त्यात टूलचे तीन रुपये. टूल तीस टक्के स्वस्त मिळाले तर वाचतात नव्वद पैसे. उलट योग्य टिप लावून त्याच तासाला थोडे जास्त नग निघाले, तर मशीन, माणूस आणि भाडे यांचा खर्च जास्त नगांवर वाटला जातो आणि बचत कितीतरी मोठी होते. समजा मशीनचा ताशी दर पाचशे रुपये आहे आणि टिप नाही म्हणून ते अर्धा दिवस उभे राहिले. चार तासांचे दोन हजार गेले. तेवढे पैसे टिपांच्या भावातल्या फरकातून भरून काढायला किती डब्या वापराव्या लागतील, हे ज्याने त्याने आपल्या वहीत मांडून पाहावे. अनगोळहून दुकान गाठून परत यायला तासभर लागतो. गावात नसेल तर पुण्याहून किंवा बेंगळुरूहून रात्रीच्या बसने पार्सल सकाळी हातात पडते. महामार्गावर असण्याचा हा फायदा आपल्याला सवयीचा झाल्याने मोजला जात नाही. चीनमधल्या शेन्झेनहून निघालेल्या पार्सलला मात्र कस्टम कधी सोडेल, हे विक्रेताही सांगू शकत नाही.

पडद्यावरचा भाव आणि पदरात पडेपर्यंतची किंमत यांतही अंतर असते. उदाहरणापुरते धरू, की भाड्या-विम्यासह माल शंभर रुपयांचा आहे आणि मूळ सीमाशुल्क दहा टक्के. त्या दहा रुपयांवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी एक रुपया. मग एकशे अकरावर अठरा टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. शंभराचे झाले जवळपास एकशे एकतीस. नोंदणीकृत कारखान्याला आयजीएसटीचे क्रेडिट मिळते हे खरे, पण त्यासाठी आयात फर्मच्या नावाने, आयात-निर्यात क्रमांक आणि बिल ऑफ एंट्रीसह झालेली असावी लागते. घरच्या पत्त्यावर, स्वतःच्या नावाने कुरिअरने आलेल्या डबीवर भरलेला कर बुडाल्यातच जमा. शिवाय परदेशी विक्रेत्याला पैसे आधी द्यावे लागतात. गावातला दुकानदार ओळखीच्या कारखान्याला महिन्याची उधारी देतो. ज्याची स्वतःची बिले मोठ्या कंपन्यांकडे दोन-दोन महिने अडकतात, त्याच्यासाठी ही उधारी म्हणजे बिनव्याजी भांडवल आहे. दुकानाच्या भावात हे सगळे मिसळलेले असते, आणि बिलावर त्याची वेगळी ओळ नसते म्हणून तो भाव नुसता चढा दिसतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की गावातल्या दुकानातही मालावर मेड इन चायनाच लिहिलेले असते, मग थेटच का मागवू नये? आक्षेप अर्धा बरोबर आहे. स्वदेशीच्या घोषणेने याला उत्तर देता येणार नाही. पुण्यात सँडविक आणि बेंगळुरूत केनामेटल या कंपन्या टूल बनवतात, पण कार्बाइडला लागणाऱ्या टंगस्टनपैकी जगातले चार-पंचमांशांहून जास्त चीनच्या खाणींतून निघते. चिनी माल वाईट असतो हेही आता खरे नाही. झुझोऊच्या कार्बाइड कंपनीच्या टिपा जगभर चालतात. फरक एवढाच, की दुकानदाराने आणलेल्या चिनी मालात निवड त्याची असते, अडकलेला पैसाही त्याचाच असतो, आणि डबी फसली तर त्याच्या काउंटरवर जाऊन बोलता येते.

पुरवठा तुटतो तेव्हा हा फरक फार महाग ठरतो. जून 2020 मध्ये गलवानमध्ये भारत-चीन सैन्यांत झालेल्या चकमकीनंतर चीनहून आलेला माल आपल्या बंदरांत तपासणीसाठी अडकून पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलीएक्सप्रेस या चिनी खरेदी ॲपवर भारतात बंदी आली आणि किरकोळ मागवणाऱ्यांचा सोयीचा रस्ता बंद झाला. 4 फेब्रुवारी 2025 रोजी चीनने टंगस्टनसह पाच धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्या वर्षी टंगस्टनचे भाव चढत गेले. अशा वेळी दुकानदारही भाव वाढवतो, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच्या फळीवर काही महिन्यांचा साठा असतो, आणि तो साठा कोणाला आधी द्यायचा हे तो वर्षभर येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून ठरवतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: दुकानदार तरी कुठे सरळ असतात? ओळखीच्याला एक भाव, नवख्याला दुसरा. बेअरिंगच्या बाजारात बनावट माल इतका मुरलेला आहे, की एसकेएफ आणि शेफलरसारख्या कंपन्यांना डबीवरचा कोड मोबाइलवर तपासण्याची सोय काढावी लागली. 6204 बेअरिंग कुठलेही घ्या, आतला व्यास 20, बाहेरचा 47, रुंदी 14 मिलिमीटर. नकली बेअरिंगही मापाला बरोबर बसते आणि महिन्याभरात आवाज करू लागते. म्हणून माझा आग्रह सरसकट स्थानिक दुकानासाठी नाही. जो दुकानदार पक्के बिल देत नाही, डबी तपासू देत नाही, सुटे विकत नाही, चुकलेला माल बदलून देत नाही, त्याने जास्त भाव मागण्याचा हक्क गमावलेला आहे. नुसती डबी इकडून तिकडे करायची असेल तर ते काम कुरिअर कंपनी स्वस्तात करते.

काही माल थेट मागवण्यातच शहाणपण आहे, हेही सांगायला हवे. ज्याची घाई नाही, ज्याची मापे पक्की आहेत, जो वर्षानुवर्षे टिकतो आणि आपल्या देशात सहज मिळत नाही असा एखादा खास फिक्स्चर किंवा सुटा भाग परदेशातून आणावा. त्यासाठी गावातल्या दुकानात खेटे घालण्यात अर्थ नाही. सतत झिजणारा, जॉबगणिक बदलणारा माल मात्र जवळच असावा.

यात एक गोष्ट मला फार खटकते. दुकानात जायचे, कोणत्या कामाला कोणती टिप हे विचारून घ्यायचे, दोन सुट्या नेऊन चालवून बघायच्या, आणि नंबर कळला की पुढच्या पाच डब्या बाहेरून मागवायच्या, ही रीत आता रुळत चालली आहे. दुकानदाराचे ज्ञान आणि सुटे विकण्याची त्याची तयारी यांचा खर्च नेमका त्या पाच डब्यांतून निघत असतो. त्या गेल्या, की सर्वांत आधी तो सुटे विकणे थांबवतो, मग कमी खपणाऱ्या ग्रेड ठेवणे थांबवतो, आणि फळीवर फक्त ठरावीक दहा प्रकार उरतात. त्याचा फटका मोठ्या कारखान्याला बसत नाही, त्याच्या दारात कंपनीचा प्रतिनिधी स्वतः येतो. फटका दोन लेथवाल्याला बसतो.

भाव कमी करून घ्यायचा असेल तर त्याला वाट आहे. शेजारच्या पाच-सहा शेडवाल्यांनी बसून वर्षाला लागणाऱ्या टिपा, ड्रिल आणि सील यांची एकत्र यादी काढावी आणि ती एका दुकानदारापुढे ठेवावी. खपाची खात्री मिळाली की तो कंपनीकडून किंवा आयातदाराकडून चढत्या सवलतीने माल उचलू शकतो. चिनी माल आणायचा तरी रीतसर बिलावर, क्रेडिट मिळेल असा आणू शकतो. बदल्यात त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: यादीतल्या प्रत्येक प्रकाराची किमान एक डबी कायम शिल्लक, न वापरलेला माल परत, आणि भाव सगळ्यांना एकच.