उत्तर येते, पण उशिरा

तिशीतली एखादी मुलगी. कालपरवापर्यंत वाण्याचा हिशेब तोंडी करणारी. हल्ली तीच बेरीज दोनदा करते. चारचौघांत गप्पा रंगल्या की बोलण्याचा धागा तिच्या हातून सुटतो. घरचे म्हणतात, 'लक्षच नसतं हिचं.' कचेरीत म्हणतात, 'काम टाळते.' अशा विसरण्याला कारणे पुष्कळ असतात. अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइड, बी-१२ची कमतरता ही त्यांतली काही. पण कधीकधी त्यामागे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असतो. तो बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो.

या आजारात नेमके होते काय? आपल्या मेंदूतले निरोप चेतातंतूंवरून धावतात. विजेच्या तारेवर रबरी वेष्टण असते, तसे पुष्कळशा तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. ते शाबूत असेल तर निरोप सेकंदाला शंभर मीटरपर्यंतच्या वेगाने जाऊ शकतो. जंतूंशी लढणे हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काम. पण या आजारात त्यांतल्याच काही, म्हणजे टी आणि बी या जातींच्या पेशी, मेंदूत शिरतात आणि या आवरणाला शत्रू समजून त्यावर तुटून पडतात. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात, ते हेच. आवरण गेले की निरोप रेंगाळतो, कधी वाटेतच विरतो. पुढे तंतूही तुटतात. डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे ही लक्षणे त्यातून उद्भवतात.

कुंपणाची ही चूक का होते, याचा एक मोठा धागा २०२२ साली हाती लागला. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी सैन्यदलांतल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने यांचा आधार घेतला. एपस्टीन-बार या विषाणूची लागण झाल्यावर हा आजार होण्याची शक्यता ३२ पटींनी वाढते, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले, की या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनासारखा दिसतो. चोराचा आणि सावाचा चेहरा सारखा असला, की पहारेकरी फसायचाच. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि आजार फार थोड्यांना होतो. म्हणजे आनुवंशिक घडण, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान अशा इतर गोष्टींचाही त्यात वाटा आहे. आणि हा आजार रुग्णाच्या सहवासाने पसरत नाही.

आता स्मरणशक्तीकडे वळू. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातले डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. रुग्णांची स्मृती क्षीण होते आणि विचार सावकाश होतो, हेही त्यांनी टिपले होते. पण पुढे कित्येक दशके वैद्यकाचे लक्ष पाय, डोळे आणि तोल यांवरच राहिले. १९९१ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसे यांची तुलना केली, तेव्हा सुमारे ४३ टक्के रुग्णांत बौद्धिक क्षमतेवर परिणाम झालेला दिसला.

तो मोजण्याची एक साधी चाचणी आहे. कागदावर वरच्या ओळीत नऊ चिन्हे आणि त्यांच्या खाली एक ते नऊ आकडे असतात. पुढे नुसती चिन्हे दिलेली असतात. नव्वद सेकंदांत जमतील तितक्या चिन्हांचे आकडे सांगायचे. या आजाराचे पुष्कळ रुग्ण उत्तरे बरोबर देतात, पण कमी देतात. इथेच खरी गोम आहे. नवे लक्षात ठेवणेही काहींना जड जाते, पण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मार बसतो तो विचाराच्या वेगाला. भाषा आणि पूर्वी मिळवलेले ज्ञान बहुधा टिकून असते. उत्तर येते, पण उशिरा. आणि आपण मात्र उशीर म्हणजे अडाणीपणा किंवा आळस असे समजून मोकळे होतो.

उपाय आहेत का? १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या औषधाला मान्यता मिळाली. २०१७ मध्ये बी पेशींना लक्ष्य करणारे ऑक्रेलिझुमॅब आले. अशी औषधे आजाराचे हल्ले कमी करतात, म्हणून निदान लवकर झालेले बरे. गेलेली स्मृती खात्रीने परत आणणारे औषध मात्र अजून नाही. तिथे सराव कामी येतो. न्यू जर्सीच्या केसलर फाउंडेशनमध्ये ८६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांना दहा बैठकांत सुटे शब्द गोष्टीत गुंफायला आणि त्यांची चित्रे मनात उभी करायला शिकवले. असे शिक्षण न मिळालेल्यांपेक्षा त्यांना नवे शिकणे अधिक जमले. आम्हा कविता लिहिणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. सुटा शब्द निसटतो, प्रतिमेत बसलेला शब्द राहतो. वाचन, लेखन, छंद यांनी समृद्ध असलेला मेंदू या आजाराचा मार अधिक काळ सोसतो, असेही काही अभ्यासांत दिसले आहे.

भारतातल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. काठी घेऊन चालणाऱ्याला आपण वाट करून देतो. विचार करायला वेळ लागणाऱ्याच्या हातात काठी दिसत नाही, म्हणून त्याला आपण घाई करतो. घरात असे कुणी असेल तर एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती कागदावर लिहून द्यावी, टीव्ही बंद करून बोलावे. आणि प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये.