तळ्यातले राखणदार

गेवराई तालुक्याच्या उत्तरेने गोदामाई वाहते. पैठणच्या नाथसागराचा उजवा कालवाही तालुक्यातून जातो. तरी पाऊस हुलकावणी देतोच. म्हणून कित्येकांनी शेततळी खणली. काहींनी त्यांत रोहू, कटला आणि मृगळ मासे सोडले. पिकाला पाणी मिळते, घराला दोन पैसे मिळतात.

पण एखाद्या सकाळी मासे मरून तरंगताना दिसतात. अंगावर लाल चट्टे. पर झडलेले. पोट फुगलेले. एरोमोनास नावाच्या जंतूमुळे असा रोग होतो.

आबा म्हणतात, "पोराच्या दुखण्याला आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घरात उरल्यात. टाकू का पाण्यात?"

नका टाकू, आबा! अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारणारे औषध. कपाशीवर तेच ते औषध फवारले, की अळी मरेनाशी होते. तुम्ही हे पाहिलेच आहे. जंतूंचेही तसेच आहे. कच्चे जंतू मरतात, चिवट जंतू उरतात आणि वाढतात. मग मासा बरा होत नाही. चिवटपणा माणसाच्या जंतूंतही शिरू शकतो. उद्या घरातले पोर आजारी पडले, तर तेच औषध त्यालाही लागू पडणार नाही. केवढा घाटा!

मग करावे काय?

घरातले विरजण पाहा. चांगले विरजण लागले, की दूध नासत नाही. का? विरजणातले जंतू दुधात आंबटपणा आणतात. वाईट जंतूंना तिथे थारा मिळत नाही. काही जंतू तर दुसऱ्या जंतूंना रोखणारा खास पदार्थ तयार करतात. 1928 साली दुधातल्या जंतूंचा असा एक गुण शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला. त्या पदार्थाला पुढे नायसिन नाव मिळाले. तो आज खाण्याचे पदार्थ टिकवायला वापरतात.

माशांसाठीही शास्त्रज्ञ हाच मार्ग शोधत आहेत. बॅसिलस नावाचे जंतू मातीत राहतात. त्यांतले काही एरोमोनासला अडवणारे पदार्थ तयार करतात. प्रयोगांत हे दिसले आहे. असे चांगले जंतू माशांच्या खाद्यात मिसळून देता येतात. हे तळ्यातले राखणदारच!

पण राखणदार ठेवला म्हणून दार उघडे टाकायचे का? नाही. हा जादूचा मंतर नव्हे. प्रयोगशाळेत जमले, ते प्रत्येक तळ्यात जमेलच असे नाही. आणि हो, दही किंवा ताक तळ्यात ओतू नका. ते पाण्यात कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे गुदमरतात.

एवढे मात्र आजच करा :

मासे दाटीने सोडू नका. खाद्य उरेल इतके टाकू नका. मेलेला मासा लगेच काढा. तळ्यापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. अशा वेळी ताजे पाणी उंचावरून पाडा. रोग दिसला, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याला दाखवा. औषधाचे आणि चुन्याचे माप त्यांनाच विचारा.

आबा, त्या उरलेल्या गोळ्या मात्र तळ्यात नकोत. पाणी स्वच्छ राखा. मासा निरोगी राहील आणि पोराचे औषधही पोराच्या कामी येईल.